कवळी आणि सार्वकालिक जीवन

१ सप्टेंबर, रविवार

आजपासून रोज थोडं लिहायचं ठरवलं आहे. बुधवारपासून चर्चच्या सभागृहात माझी व्याख्यानं सुरू होतात. चार बुधवार, चार व्याख्यानं, विषय 'अनंतकाळ नजरेसमोर ठेवून जगणे'. विषय माझाच. पाळकांना सुचवला तेव्हा ते "बरं, बघू या" म्हणाले. हा माणूस प्रभूच्या दुसऱ्या येण्यालाही "बरं, बघू या" म्हणेल.

गरज किती आहे ते आज पुन्हा दिसलं. उपासना संपली, आशीर्वाद झाला, आणि पायरीवर येईपर्यंत मंडळींच्या तोंडी काय? खजिनदार गाडी लावायच्या जागेवरून कुणाशी तरी हुज्जत घालत होता. खोकलेसाहेब (प्रत्येक प्रार्थनेत नेमके 'आमेन'च्या आधी खोकतात म्हणून मी ठेवलेलं नाव) गुडघ्याच्या तेलाचं कौतुक सांगत होते. माझी बायको दोघीतिघींबरोबर पडद्याचं कापड चाचपत उभी. हे सार्वकालिक जीवनाचे वारस! ह्यांना स्वर्गाचं दार उघडून दिलं तर आधी विचारतील, गाडी कुठं लावायची.

३ सप्टेंबर, मंगळवार

माझा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवतात. मी त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढतो, मेणावर एकेक दात बसवतो, गुलाबी हिरड्या घडवतो, घासून चकाकी आणतो. माणसाचा पोकळ दिमाख माझ्याइतका जवळून कुणी पाहत नसेल. आज डॉक्टरीणबाईंनी एका निवृत्त न्यायाधीशांना दाताचा रंग निवडायला थेट माझ्याकडेच धाडलं. काठी टेकत आले, रंगांची पट्टी हातात घेतली आणि सगळ्यात पांढऱ्या दातावर बोट ठेवलं. म्हटलं, "साहेब, हा रंग विशीतल्या पोरांना शोभतो." तर म्हणाले, "नातीचं लग्न आहे हो. फोटो निघतात." जन्मभर लोकांना शिक्षा सुनावल्या, आता स्वतःचा निकाल लागायची वेळ आली, तर ह्यांना चिंता फोटोची!

घरी आलो तर आईचं तेच पालुपद. "अरे, माझ्या कवळीचं बघ ना जरा." तिची कवळीही मीच केलेली, बाबा होते तेव्हाची. पोटाच्या दुखण्यानं ती वाळत गेली, हिरड्या बसल्या, आता कवळी तोंडात ठरत नाही. मध्यंतरी चर्चमध्ये गाणं म्हणताना वरची निसटली ती थेट गीतांच्या पुस्तकावर पडली. मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. तेव्हापासून कवळी डबीत, तोंडावर सदा रुमाल, आणि चर्च बंद.

मी तिला नीट समजावलं. दुखणं डॉक्टरांच्या हातचं राहिलेलं नाही, दिवस थोडे उरलेत, हे तिला सांगून झालंय. अशा वेळी मन कुठं लावावं? दातात? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग रुमालामागून म्हणाली, "वर जाईन तेव्हा जाईन रे. तोवर नुसतं पातळ किती दिवस गिळू?"

म्हटलं, व्याख्यानं होऊ देत, मग बघू.

४ सप्टेंबर, बुधवार

पहिलं व्याख्यान उत्तम झालं. खुर्च्या भरपूर होत्या, माणसं तुरळक, पण मला गर्दीची हौस नाही. मी सांगितलं की जे टिकणार नाही त्यावर जीव लावणं म्हणजे भाड्याच्या घराला सोन्याचे नळ बसवणं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हे लिहून घेतलं. नंतर पाहिलं तर त्या सामानाची यादी करत होत्या. प्रश्न विचारायला सांगितलं तर खोकलेसाहेबांनी हात वर केला आणि मागची खिडकी लावायला सांगितली.

पाळक जाता जाता म्हणाले, "छान बोललात. फक्त एक आठवलं. प्रभू मरणातून उठल्यावर शिष्यांकडे आला आणि त्यांच्यासमोर बसून भाजलेला मासा खाल्ला. मला ते फार आवडतं." आणि हसत हसत दिवे बंद करायला गेले. अनंतकाळावर एक तास बोलल्यावर ह्यांना काय आठवलं, तर मासा. ज्याचं त्याचं पोट.

९ सप्टेंबर, सोमवार

मावशीचा फोन आला होता. आईची धाकटी बहीण. फार लांब असते, कित्येक वर्षांत दोघींची गाठ नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आईला भेटायला येते म्हणाली. "एकदा डोळे भरून बघू दे" वगैरे. तिचं बोलणं पहिल्यापासून असंच नाटकी.

आई मात्र एकदम उठून बसली. बायकोकडून केस विंचरून घेतले, कपाटातली निळी साडी बाहेर काढायला लावली, आरसा मागितला. आरशात पाहिलं आणि लगेच पालथा ठेवला. मग मला हाक. "तिच्या आधी होईल ना रे कवळी? दोघी एकत्र बसलो की आम्हाला हसू आवरत नाही. लहानपणापासूनचं आहे ते."

खरंच आहे हे. दोघी हसायला लागल्या की बाबा पेपर उचलून दुसऱ्या खोलीत जात. कशाला हसतायत ते त्या दोघींनाही कधी सांगता आलं नाही. माझ्या मते तेव्हाही त्यात काही अर्थ नव्हता.

"बघतो," म्हटलं. दुसऱ्या व्याख्यानाची तयारी अर्धी राहिली आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

कालच्या व्याख्यानाला माणसं आणखी कमी. सत्य सोसवत नाही लोकांना. खजिनदार मध्येच उठून गेला, बहुतेक गाडी बघायला.

बायकोनं आज जेवताना विचारलं, "आईंच्या दातांचं कधी घेताय?" म्हटलं, चोवीस तास दातांतच असतो मी, घरी तरी त्यांचं नाव काढू नकोस. तिनं आमटीचं भांडं आदळलं. हिची भांडी हल्ली फार मोठ्यानं ऐकू येतात.

१७ सप्टेंबर, मंगळवार

न्यायाधीशांची कवळी पोचवली. घालून आरशासमोर पाच-पाच मिनिटं हसून बघत होते, एकदा दात दाखवून, एकदा ओठ मिटून. जाताना माझा हात धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. "नात म्हणत होती, आजोबा फोटोत नेहमी रागावलेले का दिसता. आता म्हणणार नाही." मला त्यांची कीव आली. एवढा मोठा माणूस आणि चार प्लॅस्टिकच्या दातांपायी रडतो.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज लिहिताना हात हलका वाटतो आहे. निदान एका माणसावर माझ्या बोलण्याचा परिणाम झाला, आणि तो माणूस माझ्याच घरात आहे!

संध्याकाळी आईनं फोन मागवून घेतला आणि मावशीला सांगितलं, "तू येऊ नकोस." मी बाहेरच्या खोलीतून ऐकत होतो. मावशी रडत असावी, कारण आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अगं काही अडलं नाही. मी बरी आहे. कशाला एवढा प्रवास करतेस? तिकडेच भेटू आता, वरती." फोनवर बोलतानाही तोंडावर रुमाल होता. सवयीची गुलाम.

पण केवढी ही विरक्ती! सख्खी बहीण, शेवटची भेट, तीही हिनं हातानं दूर सारली. "वरतीच भेटू." महिनाभर सांगतोय ते हेच. कालच मी तिसऱ्या व्याख्यानात म्हणालो होतो की नात्यांची ओढसुद्धा एक दिवस सोडता आली पाहिजे, आणि लोक माझ्याकडे दगडाकडे बघावं तसे बघत होते. आता त्यांना जिवंत उदाहरण देता येईल.

आत जाऊन आईला म्हटलं, "मला तुझा अभिमान वाटतो." तिनं भिंतीकडे तोंड केलं. थकली असेल.

२५ सप्टेंबर, बुधवार

शेवटचं व्याख्यान झालं. आज बऱ्यापैकी माणसं होती, कारण नंतर चहा-बिस्किटं आहेत असं पाळकांनी जाहीर केलं होतं.

शेवटी मी आईची गोष्ट सांगितली. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, आयुष्यभराची मैत्रीण असलेली बहीण, आणि एका वाक्यात तिनं तोडलेली गाठ. खोकलेसाहेबसुद्धा खोकले नाहीत. मी म्हणालो, "ह्याला म्हणतात अनंतकाळ नजरेसमोर ठेवून जगणं." नेमकी तेवढ्यात माझी बायको दुसऱ्या रांगेतून उठली आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. चपलांचा आवाज पार दारापर्यंत. माझ्या सगळ्यात चांगल्या वाक्यावर!

घरी आल्यावर विचारलं, हा काय प्रकार? ती भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "अहो, त्यांनी मावशींना का नको सांगितलं, हे तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"मग तू सांग."

"मी नाही सांगणार. आईंना विचारा."

२६ सप्टेंबर, गुरुवार

विचारलं.

आई म्हणाली, "हे बोळकं घेऊन बसू तिच्यासमोर? ती मला बघायला येणार, आणि मी रुमाल धरून बसणार. बोलता येत नाही, हसता येत नाही. त्यापेक्षा तिला माझं जुनं तोंड आठवू दे."

म्हणजे विरक्ती वगैरे काही नव्हतं. नुसता दिमाख! मरण उंबऱ्याशी आलंय आणि बाईसाहेबांना काळजी थोबाडाची. त्या न्यायाधीशात आणि माझ्या आईत फरक तो काय? आणि मी भरसभेत तिला संतांच्या रांगेत नेऊन बसवलं. पाळक नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून "आईंना भेटायला येतो" म्हणाले होते, ते सगळं ओळखूनच म्हणाले असणार. माझं हसं झालं.

"एवढंच होतं तर स्पष्ट सांगायचं," मी ओरडलो.

"सांगितलं की," आई म्हणाली. "कितीदा सांगू?"

३० सप्टेंबर, सोमवार

बायकोनं कमाल केली. पलीकडच्या गल्लीत एकजण कवळ्या करतो. मी त्याला चकचकीत म्हणतो, कारण त्याच्या कामात चकाकीशिवाय काही नसतं. त्याला हिनं परस्पर उद्या घरी बोलावलं होतं! माझ्या आईच्या तोंडाचं माप घ्यायला! मला कळलं तेही चकचकीतच्याच फोनमुळे. "तुमच्याच घरचं काम आहे, म्हणून विचारून घेतलं," असं मिठ्ठास बोलत होता.

त्याची कामं घोड्याच्या तोंडात शोभतील. मी त्याला येऊ नको सांगितलं, डॉक्टरीणबाईंकडून मापाचं साहित्य आणलं आणि स्वतःच आईपुढे बसलो. तिच्या हट्टासाठी नव्हे. चकचकीतचं काम माझ्या घरात नको, एवढंच.

इतकी तोंडं पाहिली, पण ती सगळी प्लॅस्टरची. आईच्या तोंडात बोट घातलं तर खालच्या हिरडीला काही उंचवटाच उरलेला नाही, जुन्या साबणाच्या वडीसारखी झिजून गेली आहे. एका जागी जुनी कवळी घासून घासून फोड आलेला, तो कधीचा आहे कुणास ठाऊक. बोट लागलं तसं ती कळवळली. "बोलली का नाहीस?" म्हटलं. ती म्हणाली, "चावलेच असते तुला. पण कशानं चावू?" आणि खांदे हलायला लागले तिचे. मी माप बिघडेल म्हणून दटावलं.

मग म्हणाली, "समोरचा एक जरा वाकडा ठेव. माझा होता तसा." म्हटलं, वाकडे दात सरळ करण्यावर जगतात लोक. म्हणाली, "तुझ्या बाबांना तोच आवडायचा."

३ ऑक्टोबर, गुरुवार

बाकीची कामं बाजूला ठेवली. डॉक्टरीणबाईंचे दोन फोन आले, घेतले नाहीत.

साचा असा की धरायला जागा नाही. खालची कवळी ठरणार कशावर? दोनदा मेण काढून पुन्हा लावलं. घरी नेऊन मेणावरचे दात तिच्या तोंडात बसवून पाहिले, परत आणले, पुन्हा उतरवले. समोरचा दात वाकडा करायचा म्हणजे किती वाकडा? बाबांबरोबरचा जुना फोटो टेबलावर ठेवला होता. त्यात आई तोंड भरून हसते आहे, आणि डावीकडचा दात शेजारच्यावर किंचित चढलेला आहे. कित्येक वर्षं समोर होता आणि मी कधी पाहिला नव्हता. धंद्याच्या दृष्टीनं तो दोषच.

तेवढं केसभर वळण आणण्यात सबंध दुपार गेली. एका म्हातारीच्या थोड्या दिवसांच्या दिमाखासाठी! माझंच चौथं व्याख्यान मी ऐकलं असतं तर मला उठून जावं लागलं असतं.

६ ऑक्टोबर, रविवार

आज चर्चला गेलो नाही. बायकोही गेली नव्हती म्हणे. मी सकाळपासून कामाच्या खोलीत होतो. कवळी साच्यातून काढली, कडा घासल्या, पॉलिश केलं. आजवर एवढं चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. हे मी गर्वानं लिहीत नाही. कुणीही कारागीर हातात घेऊन सांगेल.

दुपारी डबी घेऊन घरी पोचलो तर दारात प्रवासाची बॅग. मावशी आली होती. बायको म्हणाली, "मीच बोलावलं. तुम्हाला न सांगता." मी रागावणार होतो, पण आतून आवाज आला.

आईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बायकोनं हळू आवाजात सांगितलं, मावशी आल्यापासून आई भिंतीकडे तोंड करून, चादर नाकापर्यंत ओढून पडली होती. मावशी बराच वेळ बसून राहिली. मग तिनं पाण्याचा पेला जवळ ओढला, आपल्या तोंडात दोन बोटं घातली, वरची आणि खालची दोन्ही काढून पेल्यात टाकली, आणि म्हणाली, "ताई, बघ इकडे."

मी दारातून पाहिलं. मावशीची कवळी पेल्यात पडली होती. भिकार काम. दाढा सपाट, रंग चुकलेला, हिरडीचा गुलाबी बाहुलीच्या गालाचा. आणि पलंगावर त्या दोघी, एकमेकींचे हात धरून, पोकळ तोंडं सताड उघडी टाकून हसत होत्या. ते नुसतं हसणंही नव्हतं, श्वास अडकत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, एक थांबली की दुसरी सुरू. रुमाल जमिनीवर पडला होता. शब्द कसले ते धड कळत नव्हते, तरी दोघींचं बरोबर चाललं होतं.

मावशी म्हणाली, "वर गेलीस की भावजींना सांग, तुमचं ते बेसूर गाणं अजून माझ्या कानात आहे."

आई म्हणाली, "सांगते. पण ह्या तोंडानं ओळखतील का गं मला?"

"हसलीस की ओळखतील."

आणि परत दोघी लोळल्या.

अनंतकाळावर मी चार बुधवार बोललो. पलीकडच्या खोलीत जायचं आहे आणि तिथं आपली माणसं आहेत, अशा सुरात त्यातलं एक वाक्यही नव्हतं. मी दारात उभा होतो. खोकलो. आईनं वळून पाहिलं, तोंड न झाकता. मला ते पार आतपर्यंत दिसलं, आणि मला त्याची किळस आली नाही.

"कोण आहे गं?" मावशीनं विचारलं.

"कुणी नाही, दातवाला आलाय," आई म्हणाली. "म्हणावं, ठेव तिथं आणि जा."

ह्यावर तर त्या दोघी अशा फुटल्या की पलंग करकरला. थट्टाच होती ती, मला कळतं. मी डबी कपाटावर ठेवली. बायको माझ्या कोपराला धरून म्हणाली, "चला, बसू दे त्यांना," आणि दार ओढून घेतलं.

आता स्वयंपाकघरात बसून हे लिहितो आहे. भिंतीपलीकडे अजून चाललंच आहे. कवळी कुणी उघडूनही पाहिली नाही, वाकडा दात कुणी पाहिला नाही. त्याचं मला वाईट वाटतंय असं मघाशी लिहिलं होतं, ते खोडलं. मला त्या खोलीत बसायचं होतं. मला आत जायचं होतं.